व्हायरस काढल्यापासून संगणक पासवर्ड घेतो आणि लगेच बाहेर काढतो: माहिती न गमावता दुरुस्ती कशी करावी?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या संगणकात गेल्या चार दिवसांपासून प्रवेशच करता येत नाही. पासवर्ड टाकला की तो बरोबर असल्याचे मान्य होते, ‘वेलकम’ हा शब्द उमटतो, वर्तुळ दोन-तीन सेकंद फिरते आणि डेस्कटॉप दिसण्याआधीच ‘साइनिंग आउट’ असे दाखवून पुन्हा पासवर्डाच्या चौकटीपाशी आणून सोडले जाते. पासवर्ड चुकीचा टाकला तर तो चुकीचा असल्याचे नीट सांगितले जाते, म्हणजे पासवर्डाची अडचण नाही. संगणक २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज १० होम आहे आणि ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आहे.

झाले ते असे. मुलीने महाविद्यालयाचा प्रकल्प छापून आणण्यासाठी पेनड्राइव्ह बाजारपेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात नेला होता. घरी आल्यावर पेनड्राइव्हमध्ये तिच्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे, पण डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले चिन्ह दिसत होते. तिने त्यावर डबल-क्लिक केले, क्षणभर एक काळी खिडकी उघडून मिटली आणि पाठोपाठ फोल्डर नेहमीसारखा उघडला, त्यामुळे तिला काही वावगे वाटले नाही. दोन दिवसांनी संगणक फारच रखडू लागला, म्हणून मी एक अँटीव्हायरस घालून पूर्ण तपासणी केली. त्याला चौदा गोष्टी सापडल्या, त्या सर्व त्याने काढून टाकल्या आणि रीस्टार्ट करण्यास सांगितले. त्या रीस्टार्टनंतर आम्ही आजपर्यंत आत गेलेलो नाही.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक भागांनिशी सुरू होते त्या पद्धतीने, सुरू करून पाहिले, तेथेही हाच प्रकार होतो. पत्नीचे वेगळे खाते आहे, त्यातही तेच. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला असता ‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे उत्तर मिळाले, म्हणून संगणक तसाच उचलून घरी आणला.

फॉरमॅटला मी का तयार नाही तेही सांगतो. माझे वडील आमच्या वाडीच्या नमन मंडळासाठी गवळणी आणि वग लिहीत असत. त्यांच्या अकरा वह्या होत्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होते आणि त्या वह्या दीड दिवस पाण्यात राहिल्या. शाई फुटलेली, पाने चिकटलेली, अशा अवस्थेत सावलीत वाळवून एकेक पान सोडवत मी सुमारे सहाशे चाळीस पाने स्कॅन केली. त्यानंतर मूळ वह्यांना बुरशी लागली आणि आता त्या उघडताही येत नाहीत. स्कॅन केलेली पाने फक्त याच संगणकावर आहेत. दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती हे मला आता कळते आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. माहिती न गमावता संगणक उघडण्याचा काही मार्ग असेल तर कृपया पायरी-पायरीने सांगावा.

सिंहगडरोड

वाशिष्ठीकाठ, सर्वप्रथम हा संगणक वारंवार चालू-बंद करणे थांबवा. नऊ-दहा वर्षांची हार्ड डिस्क आहे, तिला विनाकारण ताण देऊ नका.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या विंडोजमध्ये एकदा व्हायरस शिरून बसला, त्या विंडोजवर पुन्हा विश्वास ठेवू नये. डिस्क बाहेर काढावी, साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी, आपल्या फाइली उतरवून घ्याव्यात आणि मग डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावे. दुकानदाराचा फॉरमॅटचा सल्ला चुकीचा नव्हता. आधी माहिती काढून घेऊ या, हे त्याने म्हटले नाही, ही चूक होती.

मिरजेची_लेक

काका, आधी थोडा धीर धरा. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून तुमच्या फाइली जागेवर असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. संगणक सुरू होतो, पासवर्ड तपासतो, खाती ओळखतो, म्हणजे डिस्क वाचली जात आहे आणि विंडोजचा बराचसा भाग शाबूत आहे. अडचण पासवर्ड मान्य झाल्यानंतर आणि डेस्कटॉप उभा राहण्याआधी, अशा एका अरुंद टप्प्यावर आहे.

पुढचे सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचारते. अँटीव्हायरसने काढलेल्या चौदा गोष्टींची यादी तुमच्याकडे कोठे आहे का? डिस्क कूटबद्ध केलेली आहे का, म्हणजे सुरू होताना कधी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली गेली आहे का? आणि व्हायरस सापडण्यापूर्वीच्या त्या दोन दिवसांत फाइलींची नावे बदललेली, मागे अनोळखी शेपूट जोडलेले, असे काही दिसले होते का? हा तिसरा प्रश्न खंडणीखोर व्हायरसची शंका दूर करण्यासाठी आहे, कारण तसे असेल तर मार्ग पूर्णपणे वेगळा होतो.

तोवर एक विनंती. दुरुस्तीच्या पडद्यावर ‘रीसेट धिस पीसी’ असा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. त्यातला ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ चुकून निवडला गेला तर वह्यांची पाने जातील.

वाशिष्ठीकाठ

ताई, आपल्या उत्तराने खरोखर धीर आला. यादीचा फोटो मी मोबाइलवर काढून ठेवला होता. चौदापैकी अकरा गोष्टी पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट आहेत. दोन तात्पुरत्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट फाइली आहेत. चौदावी ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ आहे. हे नाव टास्क मॅनेजरमध्ये नेहमी पाहिलेले असल्यामुळे अँटीव्हायरसने विंडोजचीच फाइल काढून टाकली की काय, अशी मला शंका आहे. बिटलॉकरची किल्ली कधी मागितली गेली नाही. फाइलींची नावे शेवटपर्यंत व्यवस्थित होती आणि शनिवारी मी दोन स्कॅन उघडूनही पाहिले होते.

दुरुस्तीकट्टा

वाशिष्ठीकाठ, तो फोटो मोठा करून नाव अक्षर-अक्षर वाचा. विंडोजच्या खऱ्या फाइलीच्या नावात एस, मग व्ही, मग सी असा क्रम असतो आणि ती सिस्टम३२ या फोल्डरमध्ये राहते. प्रोग्रामडेटामध्ये तिचे काही काम नसते. तुमच्या फाइलीत एस, मग सी, मग व्ही असा क्रम असेल, असा माझा अंदाज आहे. दोन अक्षरांची अदलाबदल करून ओळखीच्या नावाआड लपण्याची ही पद्धत जुनी आहे.

आता बाहेर का काढले जाते ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणे होईल. विंडोज आपल्या सर्व मांडण्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या कोठारात नोंदवून ठेवते. पासवर्ड मान्य झाला की विंडोजचा ‘विनलॉगऑन’ हा भाग रजिस्ट्रीतली ‘युजरइनिट’ नावाची नोंद वाचतो आणि तेथे ज्या फाइलीचा पत्ता असेल ती चालवतो. मूळ पत्ता ‘सी:\विंडोज\सिस्टम३२\युजरइनिट.ईएक्सई,’ असा असतो आणि शेवटी स्वल्पविराम असतो. ही फाइल वापरकर्त्याची मांडणी लावते, डेस्कटॉप म्हणजे ‘एक्सप्लोरर’ सुरू करते आणि बाजूला होते. काही व्हायरस हा पत्ता पुसून तेथे स्वतःचा पत्ता लिहितात आणि स्वतः चालू झाल्यावर खऱ्या युजरइनिटला हाक मारतात, त्यामुळे डेस्कटॉप नेहमीसारखा येतो आणि घरातल्या कोणाला काही कळत नाही. अँटीव्हायरसने व्हायरसची फाइल काढली, पण रजिस्ट्रीतला पत्ता तसाच राहिला, की विनलॉगऑन त्या पत्त्यावर जातो, तेथे कोणीच नसते, डेस्कटॉप उभा करणारे कोणी उरत नाही आणि तो तुम्हाला बाहेर काढतो. विंडोज एक्स्पीच्या काळात ‘डब्ल्यूएसए-अपडेटर’ नावाच्या फाइलीने अगदी हाच घोटाळा केला होता आणि त्या वेळी मी स्वतः असे कितीतरी संगणक उघडून दिले आहेत.

ही नोंद संपूर्ण यंत्रासाठी एकच असते, म्हणून तुमच्या पत्नीच्या खात्यातही तेच घडते. सेफ मोडमध्येही हीच नोंद वाचली जाते. एकाच खात्यात अडचण असती आणि दुसरे खाते उघडले असते, तर मी त्या खात्याचे प्रोफाइल बिघडले असे म्हटले असते.

आता कृती. सिंहगडरोड म्हणतात त्याप्रमाणे आधी माहिती, मग दुरुस्ती. फक्त त्यासाठी डिस्क खोलण्याची गरज नाही. नात्यातल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या स्वच्छ संगणकावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवून घ्या आणि ‘रूफस’ या मोफत साधनाने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. तो पेनड्राइव्ह तुमच्या संगणकाला लावून सुरू करताना बूट मेन्यू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी, उघडा. बहुतेक यंत्रांवर त्यासाठी एफ१२, एफ९ किंवा एस्केप ही कळ असते. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालेल. तेथे ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दिसेल, ते दाबू नका. डिस्क उघडा, ‘युजर्स’मध्ये तुमचे फोल्डर सापडतील. विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत बंद झाले असेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडेल, त्याने तुमचे काही अडत नाही. फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फोटो, स्कॅन, पीडीएफ, लेखन एवढेच घ्या. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस असे शेवट असलेल्या फाइली आणि शॉर्टकट घेऊ नका. नकल उतरल्यावर आठ-दहा पाने उघडून पाहा, नुसती संख्या जुळली म्हणून समाधान मानू नका.

हे पूर्ण झाले की येथे कळवा, मग रजिस्ट्रीकडे वळू.

वाशिष्ठीकाठ

आपले म्हणणे खरे निघाले. फोटो मोठा करून पाहिला, एस-सी-व्ही असाच क्रम आहे. मी इतके दिवस ते नाव बरोबरच वाचत होतो.

काल संध्याकाळी भाच्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार केला. आमच्या यंत्रावर एफ१२ने मेन्यू आला आणि पाच-सहा मिनिटांनी लिनक्सचा पडदा दिसला. डिस्क उघडली. वडिलांच्या वह्यांचा फोल्डर जसाच्या तसा होता. सर्व सहाशे चाळीस पाने बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि आपण सांगितले तशी मधली-मधली उघडून पाहिली. सातव्या वहीतले, पाण्याचा डाग तिरका गेलेले गवळणीचे पान पडद्यावर आले तेव्हा आम्ही घरातले सगळे संगणकाभोवती उभे होतो.

आणखी एक गोष्ट. मुलीचा तो पेनड्राइव्हही लिनक्समध्ये लावून पाहिला. तेथे तिचा खरा फोल्डर सरळ दिसत होता. विंडोजमध्ये तर फोल्डर दिसतच नव्हता. हे कसे?

मिरजेची_लेक

काका, हे वाचून मला फार आनंद झाला.

त्या व्हायरसने खरे फोल्डर पुसलेले नसतात. त्यांना ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टमचे’ अशा दोन खुणा लावलेल्या असतात, त्यामुळे विंडोज ते दाखवत नाही, आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो. शॉर्टकट दाबला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि मग खरा फोल्डर उघडून दिला जातो. ती काळी खिडकी त्या स्क्रिप्टचीच होती. लिनक्स या खुणांना जुमानत नाही, म्हणून तुम्हाला सगळे दिसले. पुष्कळ जण फोल्डर गेले असे समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि हाताने आपली माहिती घालवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. मुलीचा फोल्डर काढून घ्या आणि तो पेनड्राइव्ह लिनक्समधूनच पुसून टाका.

दुरुस्तीकट्टा

उत्तम. आता रजिस्ट्री. सर्व आज्ञा आणि पत्ते इंग्रजी अक्षरांत टंकायचे आहेत, येथे मी उच्चार देत आहे.

पासवर्डाच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचे चिन्ह असते. शिफ्टची कळ दाबून धरून तेथील ‘रीस्टार्ट’ निवडा. निळा पडदा आला की ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. खात्याचा पासवर्ड विचारला तर पासवर्डच द्या, तेथे पिन चालत नाही. काळी खिडकी उघडली की ‘नोटपॅड’ टंका आणि त्यातल्या ‘फाइल’, ‘ओपन’मधून ‘धिस पीसी’ उघडून विंडोज कोणत्या अक्षराच्या ड्राइव्हवर दिसते आहे ते पाहा. या वातावरणात सी ड्राइव्हला कधी कधी डी म्हटले जाते. ते अक्षर कागदावर लिहून ठेवा. त्या ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरात ‘सॉफ्टवेअर’ नावाची, शेपूट नसलेली फाइल असते. ती दिसण्यासाठी नोटपॅडच्या त्याच खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडावे लागते. तिची एक नकल त्याच जागी दुसऱ्या नावाने करून ठेवा. दुरुस्ती फसली तर मागे येण्याची वाट तीच आहे.

मग ‘रेजएडिट’ टंकून रजिस्ट्री उघडा आणि युजरइनिटची नोंद पाहा. ती विनलॉगऑन या शाखेत असते: सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन. तेथेच ‘शेल’ नावाची नोंद असते, तिच्यात फक्त ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ असले पाहिजे.

वाशिष्ठीकाठ

सर, माझ्याकडून काही चुकते आहे की रोगच दुसरा आहे, ते कळत नाही. विनलॉगऑनची शाखा सापडली. शेलमध्ये ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ नाही, तेथे वेगळाच शब्द आहे. युजरइनिटच्या पत्त्याची सुरुवात तर ‘एक्स:’ने होते. आमच्या घरात एक्स नावाचा ड्राइव्ह कधीच नव्हता. हे व्हायरसचे काम समजून बदलू का?

दुरुस्तीकट्टा

थांबा, काहीही बदलू नका. चूक तुमची नाही, मी एक पायरी पुरेशी स्पष्ट लिहिली नाही.

तुम्ही आत्ता पाहत आहात ती रजिस्ट्री तुमच्या विंडोजची नाही. दुरुस्तीचे वातावरण हे स्वतःच एक लहान विंडोज असते, ते मेमरीत उतरून ‘एक्स’ या ड्राइव्हवरून चालते आणि रेजएडिट उघडल्यावर आधी त्याचीच रजिस्ट्री दिसते. तुमच्या आजारी विंडोजची रजिस्ट्री डिस्कवर त्या ‘सॉफ्टवेअर’ फाइलीत मिटून पडलेली आहे. ती उघडून येथे जोडावी लागते.

डावीकडे ‘एचकी लोकल मशीन’वर एकदा क्लिक करून ते निवडा. वर ‘फाइल’मध्ये ‘लोड हाइव्ह’ उघडेल (रजिस्ट्रीच्या अशा फाइलीला हाइव्ह म्हणतात). कॉन्फिग फोल्डरमधली ती मूळ ‘सॉफ्टवेअर’ फाइल निवडा. नाव विचारले जाईल, तेथे ‘घर’ असे इंग्रजी अक्षरांत लिहा. आता डावीकडे ‘घर’ नावाची नवी शाखा दिसेल. तिच्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन असे जा. तेथील युजरइनिट हीच तुमची खरी नोंद.

बदल करताना एक बारकावा सांभाळा. दुरुस्तीच्या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह डी दिसत असला, तरी नोंदीत सी हेच अक्षर लिहायचे, कारण संगणक नेहमीसारखा सुरू झाल्यावर तोच ड्राइव्ह सी असतो. डी लिहिलेत तर पुन्हा हाच फेरा सुरू होईल. बदल झाल्यावर ‘घर’ ही शाखा निवडून ‘फाइल’मधून ‘अनलोड हाइव्ह’ करा.

दोन गोष्टी त्याच फेरीत तपासा. ‘घर’मध्येच करंटव्हर्जनखाली ‘इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स’ ही शाखा आहे. तिच्यात युजरइनिट किंवा एक्सप्लोरर यांच्या नावाची उपशाखा असून आत ‘डीबगर’ अशी नोंद असेल, तर ती नोंद काढून टाका, कारण त्या वाटेनेही खऱ्या फाइलीऐवजी दुसरीच फाइल चालवता येते. आणि सिस्टम३२मध्ये युजरइनिटची फाइल प्रत्यक्ष आहे की नाही, तेही नोटपॅडमधून पाहा. फाइलच नसेल तर नुसता पत्ता सुधारून उपयोग नाही. मग विंडोजच्या मूळ फाइली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी’ची आज्ञा बाहेरून चालवावी लागेल, ती तेव्हा लिहीन.

वाशिष्ठीकाठ

उघडला! संगणक उघडला.

‘घर’ जोडल्यावर विनलॉगऑनमध्ये युजरइनिटच्या पुढे सरळ लिहिलेले होते: ‘सी:\प्रोग्रामडेटा\’ आणि पुढे तेच एस-सी-व्ही असे उलटे अक्षर असलेले नाव. मूळ पत्ता पूर्ण पुसलेला होता. मी तो सिस्टम३२मधल्या युजरइनिटचा केला, शेवटचा स्वल्पविराम तीन वेळा तपासला, हाइव्ह अनलोड केली आणि रीस्टार्ट केले. शेल बरोबर होते. डीबगरची नोंद नव्हती. युजरइनिटची फाइल जागेवर होती. पासवर्ड टाकला, वर्तुळ फिरले आणि डेस्कटॉप आला. पत्नीचे खातेही उघडले.

मात्र दोन्ही खात्यांत आत शिरताच ‘ही फाइल सापडत नाही’ अशी एक चौकट येते आणि तिच्यात तेच नाव असते. व्हायरस अजून जिवंत आहे का?

मिरजेची_लेक

काका, अभिनंदन! ती चौकट घाबरण्यासारखी नाही. तिचा अर्थ फाइल गेलेली आहे, पण तिला बोलावणारी आणखी एखादी नोंद उरली आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ नावाचे मोफत साधन आहे, ते प्रशासक म्हणून चालवा. संगणक सुरू होताना जे जे आपोआप चालते ते सगळे त्यात एकाच ठिकाणी दिसते आणि फाइल नसलेल्या नोंदी पिवळ्या रंगात येतात. ते नाव शोधून फक्त त्याच ओळीपुढची खूण काढा. बहुधा ‘रन’ शाखेत किंवा ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये सापडेल. बाकीच्या पिवळ्या ओळींना हात लावू नका, त्यांतल्या काही निरुपद्रवी असतात. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून ‘डिफेंडर ऑफलाइन’ तपासणी करा. ती विंडोज सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे लपून बसलेल्या गोष्टी तिला पकडता येतात.

सिंहगडरोड

वाशिष्ठीकाठ, वह्या वाचल्या याचा मलाही मनापासून आनंद आहे. दुरुस्तीकट्टा यांनी रोग बरोबर ओळखला, हेही मान्य करतो. तरीही माझ्या पहिल्या मतावर मी ठाम आहे. दार उघडले म्हणजे घर स्वच्छ झाले असे नाही. त्या दोन दिवसांत त्या फाइलीने काय पाठवले, काय उतरवून घेतले, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. माहिती हाती आली आहे, आता विंडोज नव्याने घालण्यात तुमचे काहीच जात नाही.

त्याहून तातडीचे म्हणजे पासवर्ड. ईमेल, बँक, आणखी जे काही त्या संगणकावर उघडत होतात त्या सर्वांचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या संगणकावरून नको. आणि पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय जरूर वापरा. ब्राउझरमध्ये लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या ज्या कुकी असतात त्याच चोरीला गेल्या असतील, तर चोराला पासवर्डाची गरजच नसते. बँकेच्या खात्यातून अनोळखी व्यवहार दिसला तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

दुरुस्तीकट्टा

सिंहगडरोड यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी सुचवलेली दुरुस्ती आत शिरण्यासाठी होती, कायम राहण्यासाठी नव्हे. आत शिरल्यामुळे प्रिंटर, बँकेची प्रमाणपत्रे, ब्राउझरमधल्या खुणा, ईमेलची मांडणी अशा ज्या गोष्टी लिनक्समधून सहज उचलता येत नाहीत त्या तुम्हाला नीट नोंदवून घेता येतील, एवढाच तिचा लाभ.

नव्याने घालताना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतने नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. तुमचे २०१६चे यंत्र विंडोज ११च्या प्रोसेसरच्या अटीत बसणार नाही. वाट वाकडी करून ते त्यावर बसवण्याचे उपाय लोक सांगतात, ते मी सुचवणार नाही. तुमचा वापर स्कॅन, लेखन आणि इंटरनेट एवढाच असेल, तर जे लिनक्स मिंट तुम्ही पेनड्राइव्हवरून चालवले तेच डिस्कवर घालून पाहा. स्कॅनर त्यावर चालतो का, हे आधी पेनड्राइव्हवरूनच तपासता येईल.

वाशिष्ठीकाठ

आज सर्व काम आटोपून लिहीत आहे, म्हणून उशीर झाला.

ऑटोरन्समध्ये ती ओळ शेड्यूल्ड टास्क्समध्ये सापडली आणि चौकट बंद झाली. पासवर्ड सर्वांनी आपापल्या मोबाइलवरून बदलले, सर्व उपकरणांवरून बाहेरही पडलो. बँकेत अनोळखी व्यवहार काही नाही. रविवारी डिस्क पुसून लिनक्स मिंट घातले. आमचा स्कॅनर त्यावर चालतो, हे पेनड्राइव्हवरून आधीच पाहून घेतले होते. वह्यांच्या पानांच्या आता तीन प्रती आहेत. एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक पुण्याला बहिणीकडे. बहिणीचे घर चौथ्या मजल्यावर आहे, त्यामुळे ती प्रत तेथे ठेवताना मला विशेष बरे वाटले.

काल त्या झेरॉक्सच्या दुकानातही गेलो. तक्रार करण्याचा हेतू नव्हता. मालकांना फोटो दाखवला, नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवले आणि त्यांच्या परवानगीने माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यांच्या संगणकाला लावला. त्यांच्या प्रोग्रामडेटामध्ये तीच फाइल होती. दिवसाला पन्नास-साठ पेनड्राइव्ह त्या यंत्राला लागतात, असे त्यांनी सांगितले. त्यांनी तेव्हाच दुकानाच्या काचेवर ‘पेनड्राइव्ह स्वीकारले जाणार नाहीत, फाइल ईमेलवर पाठवावी’ असा कागद चिकटवला आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मला पुन्हा बोलावले आहे. त्यांचे यंत्र अजून लॉगिन होते, म्हणून अँटीव्हायरस चालवण्यापूर्वी युजरइनिटची नोंद सुधारून घ्यावी, असा माझा विचार आहे. त्यांच्याकडे विंडोज चालू असताना रेजएडिटमध्ये तो बदल थेट केला तर चालेल ना, की व्हायरस जिवंत असेपर्यंत तो पुन्हा बदलेल?

दुरुस्तीकट्टा

तो पुन्हा बदलण्याची शक्यता आहे. त्यांच्याकडेही आधी फाइली उतरवा, मग बाहेरूनच, दुरुस्तीच्या वातावरणातून, तुम्ही घरी केलेत तसेच हाइव्ह जोडून नोंद सुधारा आणि त्याच बैठकीत प्रोग्रामडेटामधली ती फाइल काळ्या खिडकीतून काढून टाका. त्यानंतरच विंडोज सुरू करून अँटीव्हायरस चालवा. दुकानाचे यंत्र आहे, तेव्हा त्यांच्या बिलांची आणि ग्राहकांच्या नोंदींची नकल आधी घेतली आहे ना, हे त्यांना सुरुवातीलाच विचारा.